धबधबा व्हायरल झाला, आता गावानं काय करायचं?

पाऊस सुरू झाला की या सदराकडं येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. उन्हाळ्यात लग्नं, ॲडमिशन, भाऊबंदकी, आणि एकदा का राधानगरी धरणाचे ऑटोमॅटिक दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ मोबाईलवर फिरला की मग धबधबे, पार्किंग, दारूच्या बाटल्या. यावेळी पत्रं जास्त करून कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा या पट्ट्यातनं आलीत. गावांची आणि माणसांची नावं काढली आहेत, कारण ज्यांनी लिहिलंय त्यांना त्याच गावात राहायचंय.

प्रश्न : ताई, आमची वाडी राधानगरी तालुक्यात आहे, वर डोंगरात धबधबा आहे. तीन-चार वर्षांपूर्वी कुणीतरी रील टाकलं आणि तेव्हापासून जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार-रविवार वाडीत पाय ठेवायला जागा नसते. एसटी आत येत नाही, फाट्यावरच सोडते. गेल्या वर्षी बाळंतपणाला न्यायची गाडी पाऊण तास अडकली होती. लोक आमच्या शेताच्या कडेला शौचाला बसतात. आणि परवा रोप लावण चालली होती तर सासूबाईंच्या टाचेत बिअरच्या बाटलीची काच गेली, चिखलात दिसत नाही ना, चार टाके पडले, लावण अर्धी राहिली. बोलायला गेलं की गावातली पुरुष मंडळी म्हणतात गप बसा, चार पैसे मिळायला लागलेत. माझ्या दिराचाच वडापावचा गाडा आहे. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटचं आहे, दिराचा गाडा आहे हे. कारण एकाच घरात एकाला रविवारचे पैसे मिळतात आणि दुसरीच्या टाचेत काच जाते, आणि या दोन्ही गोष्टींचा हिशोब एका वहीत कधी मांडलाच जात नाही. म्हणून भांडण "पर्यटन पाहिजे की नको" असं होतं आणि त्यात तुम्ही हरता, कारण नको म्हणणारा माणूस गावाच्या पोटावर पाय देतोय असं वाटतं. तुम्ही नको म्हणू नका. किती, कधी, कुठपर्यंत आणि पैसा कुणाच्या हातात, एवढंच विचारा.

आधी मोजा. खरंच सांगते, गर्दीवर बोलणाऱ्या दहा गावांपैकी नऊ गावांनी गाड्या कधी मोजलेल्या नसतात. बचत गटातल्या दोघीजणींनी सलग दोन रविवार शाळेच्या व्हरांड्यात वही घेऊन बसायचं, चारचाकी किती, दुचाकी किती, किती वाजता आल्या, किती वाजता गेल्या, आणि संध्याकाळी पोती भरून कचरा किती निघाला. गाड्यांच्या रांगेचे फोटो तारीख-वेळेसकट ठेवा. हे हातात असलं की ग्रामसभेत "लै त्रास होतोय" असं बोलावं लागत नाही, वही उघडायची.

आता ग्रामसभा. वर्षातनं किमान चार व्हायला लागतात आणि त्याच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे, बऱ्याच गावात ती फक्त रजिस्टरवर होते. तुम्ही ती खरी घ्यायला लावा, आणि विषय आधी लेखी द्या म्हणजे अजेंड्यावर येतो, नाहीतर "ऐनवेळचे विषय" मध्ये ढकलतात. ठरावात काय मागायचं ते सांगते. गाड्या वाडीत येणार नाहीत, फाट्याजवळच्या माळावर लागतील, तिथनं चालत किंवा गावातल्याच जीपनं यायचं. माळावर जेवढ्या गाड्या मावतात तेवढीच त्या दिवसाची संख्या, माळ भरला की बंद. चारनंतर वर सोडायचं नाही, कारण अंधारात घसरलेला माणूस उतरवायला शेवटी तुमच्याच पोरांना जावं लागतं. एसटी आणि १०८ ची गाडी यासाठी रस्त्याची एक बाजू कायम मोकळी. शिवाय काचेची बाटली गाडीतनं खाली उतरणारच नाही, माळावरच बघून ठेवून घ्यायची.

पार्किंगची फी घ्या पण पावती देऊन घ्या, आणि ग्रामसेवकाला विचारून कुठल्या नियमाखाली बसते ते लिहून घ्या. बिनपावतीचे पैसे घेणारी चार पोरं रस्त्यावर उभी राहिली की पुढच्या वर्षी त्यांचाच दादा होतो, मग त्यांना हटवायला वेगळी ग्रामसभा लागते. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

अजून एक बघा, धबधब्याची जागा कुणाच्या नावावर आहे. गट नंबर काढा. गावठाण किंवा गायरान असेल तर गोष्ट वेगळी, पण आपल्याकडं बहुतेक ठिकाणी वर वनखात्याची हद्द लागते आणि तिथं ग्रामपंचायत एकटीनं काही करू शकत नाही. मग संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा मार्ग आहे. साताऱ्याच्या कास पठाराचं उदाहरण घ्या. २०१२ ला पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात महाराष्ट्रातली चार ठिकाणं, कास, कोयना, चांदोली आणि आपलं राधानगरी. कासला त्याआधीच फुलं बघायला झुंबड उडायला लागली होती. तिथं आजूबाजूच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर बसल्या, प्रवेश शुल्क ठरलं, दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातली, ऑनलाईन बुकिंग आलं, गाड्या लांब उभ्या करायला लावल्या, आणि तिकीट फाडणारी, गाईड म्हणून फिरणारी पोरं-पोरी त्याच गावातली. सगळं गोड आहे असं नाही, सुट्टीच्या दिवशी तिथं अजून वैताग येतो. पण नियम कुणाचा आणि पैसा कुणाकडं याचं उत्तर तिथं आहे, तुमच्या वाडीत ते नाही.

दिराशी भांडू नका. गाडेवाल्यांनाच पहिली जबाबदारी द्या, ज्याचा गाडा त्याच्या दोन्ही बाजूंच्या पन्नास पावलांतला कचरा त्याचा, प्लास्टिकची पिशवी आणि प्लेट बंद (तसंही राज्यात २०१८ पासून बंदी आहेच). आणि जमलेल्या पैशातनं सगळ्यात आधी काय, तर साफसफाई करणाऱ्या बायकांचा रोज, रस्त्याच्या कडेच्या शेतांची नुकसानी, आणि संडास. संडास बांधताना गावाचं पिण्याचं पाणी ज्या झऱ्यातनं येतं त्याच्या वरच्या अंगाला चुकूनसुद्धा नको, ही चूक झाली तर आख्खी वाडी जुलाबानं आडवी होईल.

आणि एवढं करूनही एखाद्या रविवारी आवाक्याबाहेर गेलं तर? तर बंद. पावसाळ्यात धोकादायक धबधब्यांवर जिल्हाधिकारी मनाई आदेश काढू शकतात, पूर्वी कलम १४४ म्हणायचे, आता नव्या कायद्यात ते १६३ झालंय. वही, फोटो, ठराव याची प्रत तहसीलदार, पोलीस ठाणं आणि वनक्षेत्रपाल तिघांनाही द्या आणि पोच घ्या. सासूबाईंच्या टाक्यांची दवाखान्याची चिठ्ठीसुद्धा जोडा, लाजू नका.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, शाहूवाडीकडचा. आमचं पठाराला लागून अडीच एकर आहे, चुलते म्हणतात पुण्याची पार्टी आली आहे, रिसॉर्ट टाकणार आहे, चांगला रेट देतेय, विकून टाकू. मला वाटतं आपणच होमस्टे करावा. घरात रोज वाद. तुम्ही काय सांगाल?

उत्तर : विकू नका, हे माझं मत, आणि ते मी उगाच भावनेच्या भरात देत नाही. जमिनीचे पैसे एकदाच येतात, गाडी आणि घराचं कॉंक्रीट यात दोन-तीन वर्षांत जातात, आणि त्यानंतर त्याच रिसॉर्टच्या गेटवर वॉचमन म्हणून उभी राहिलेली माणसं आपल्या जिल्ह्यात आहेत, ज्यांच्या बापानं ती जमीन कसली होती. दुसरं, पार्टीकडनं व्यवहार कसा होणार ते नीट बघा. शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो, कुळकायद्याचं कलम ६३. मग कुणाच्या तरी नावावर घेतली जाते, आणि त्यात सही तुमच्या चुलत्यांची असते. तिसरं म्हणजे अभयारण्याच्या भोवती इको सेन्सिटिव्ह झोन असेल तर अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवीन व्यापारी हॉटेल-रिसॉर्टला साधारणपणे परवानगी नसते, छोट्या तात्पुरत्या निसर्ग पर्यटनाच्या सोयी सोडून. तुमचा गट नंबर कुठं येतो ते आधी तपासा, नाहीतर पार्टी बांधकाम अर्धवट टाकून जाईल आणि सडा, म्हणजे जांभा दगडाचं उघडं पठार, फोडलेला तसाच राहील. जांभ्याच्या सड्यावर माती बोटभर असते, तेरडा, सीतेची आसवं त्या बोटभर मातीवर येतात. एकदा जेसीबी फिरला की तुमच्या नातवालासुद्धा ती फुलं दिसायची नाहीत.

होमस्टेचं म्हणशील तर कर, पण छोटं कर. वेळासला जाऊन ये एकदा, मंडणगड तालुक्यातलं गाव. २००२ मध्ये तिथं सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं कासवांची अंडी वाचवायचं काम सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव. लोक पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात आणि गावातल्या घरात राहतात. हॉटेल नाही, घरातलंच साधं जेवण, पैसे थेट त्या घरात. माझ्या मते वेळासचं खरं शहाणपण यात आहे की ज्याच्या घरात पाहुणा राहतो त्याला कासव वाचलेलं परवडतं. आधी अंडी चोरीला जायची, आता तीच माणसं राखण करतात.

तू दोन खोल्यांपासून सुरू कर. स्वच्छ संडास-बाथरूम, कोरडी अंथरुणं (आपल्याकडच्या पावसात ही मोठी गोष्ट आहे, चूल पेटती ठेवून गोधड्या उबवाव्या लागतात), नाचणीची भाकरी, खर्डा, वरण-भात. राज्याच्या पर्यटन विभागाची निवास-न्याहारी योजना आहे आणि २०२० पासून राज्याचं कृषी पर्यटन धोरणही आहे, दोन्हीत नोंदणी होते, चौकशी कर. आणि एक गोष्ट चुलत्यांना लेखी दे, पहिल्या वर्षी एवढे पाहुणे, एवढा खर्च, उरलेल्यात त्यांचा वाटा किती. त्यांना फुकटचं भाषण नकोय, त्यांना म्हातारपणाची काळजी आहे. त्यांचंही बरोबर आहे.

आईला विचारलंस का? स्वयंपाक ती करणार आहे म्हणून विचारतेय. तिच्या कामाचे पैसे वेगळे धर, "घरचंच आहे" म्हणून सोडू नकोस.

प्रश्न : आम्ही कोल्हापुरातला ग्रुप दरवर्षी जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती करतो, यंदा दीडशे मुलं आहेत. वाटेतल्या वाड्यांवर भार पडू नये म्हणून काय काळजी घ्यावी?

उत्तर : असं विचारणारं पत्र आलं याचाच मला आनंद झाला. १६६० च्या त्या जुलैच्या रात्रीची आठवण मनात ठेवून पोरं चिखलातनं चालतात, मसाई पठार ओलांडून करपेवाडी, आंबेवाडी करत पांढरपाण्याकडं, ते मला फार मोलाचं वाटतं. पण जुलैत त्या वाटेवर तुमचा एकच ग्रुप नसतो. एकामागनं एक हजारो माणसं त्याच चिंचोळ्या वाटेनं जातात, त्याच शाळेत झोपतात, त्याच विहिरीवर पाणी भरतात, आणि तेव्हाच गावात लावणीची घाई असते.

दीडशेच्या तीन तुकड्या करा, वेगवेगळ्या दिवशी काढा. मुक्कामाच्या गावाला महिनाभर आधी जाऊन भेटा, फोनवर नको. जेवण कोल्हापुरातनं टेम्पोनं नेऊ नका, तिथल्या बचत गटाला सांगा, तांदूळ त्यांचा, भाकरी त्यांची, आणि ॲडव्हान्स द्या कारण दीडशे माणसांचा बाजार करायला त्यांच्याकडं रोख नसते. शाळेत मुक्काम केलात तर सकाळी निघताना वर्ग धुऊन निघा, सोमवारी त्यात पहिलीची पोरं बसणार आहेत. बिस्किटांची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या प्रत्येकानं आपल्याच सॅकमध्ये परत कोल्हापुरात आणायच्या, वाडीत कचरागाडी येत नाही, तिथं टाकलेलं प्लास्टिक म्हणजे एकतर म्हशीच्या पोटात नाहीतर चुलीत. आणि बांधावरनं चाला, तरव्यातनं (भाताच्या रोपांतनं) नको. एवढं एक जरी पाळलं तरी गाव तुम्हाला पुढच्या वर्षी हाक मारून बोलवेल.

प्रश्न : मी काजवे दाखवायला लोकांना नेतो, मे-जूनमध्ये. गिऱ्हाईक म्हणतं झाडाजवळ न्या, टॉर्च मारू दे, रील करायचंय. नाही म्हटलं तर दुसऱ्याकडं जातात. पोटाचा प्रश्न आहे.

उत्तर : भावा, तुझी अडचण खरी आहे, पण टॉर्च मारून तू तुझाच धंदा विझवतोयस. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे नरानं मादीला घातलेली साद, ती खाली गवतात किंवा झाडावर बसून उत्तर देते. मोबाईलचा फ्लॅश पडला की दोघांनाही एकमेकांचं दिसत नाही, आणि पूर्ण वाढ झालेल्या या किड्यांचं आयुष्य मोजक्या दिवसांचं असतं, त्यात आठ रात्री फ्लॅशमध्ये गेल्या तर पुढची पिढी कुठनं येणार. अळ्या ओल्या मातीत गोगलगायी खाऊन वाढतात, म्हणजे झाडाखालचं गवत तुडवलं की पुढच्या वर्षीचे काजवे तुडवले.

एकट्यानं नाही म्हणून चालणार नाही हे बरोबर. म्हणून तुमच्या भागातले सगळे दाखवणारे एकत्र बसा आणि रेट आणि नियम दोन्ही एकच ठेवा, मग गिऱ्हाईक जाईल कुठं? गाडी लांब, हेडलाईट बंद, वाटेपुरती टॉर्च आणि तिच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद बांधलेला, एका वेळी दहा-बाराच माणसं, आणि झाडापासून दोरी. मोबाईल खिशात. आधी माणसं कुरकुरतात, मग डोळे अंधाराला सरावायला दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि मग हळूहळू आख्खं झाड एका लयीत उजळतं-विझतं ते दिसायला लागतं. तेव्हा कुणी रील मागत नाही, बोलतसुद्धा नाही. तुझ्या कामाचा तोच खरा माल आहे.

प्रश्न : (एका धनगरवाड्यावरनं, नातवानं आजोबांच्या सांगण्यावरनं लिहिलंय.) आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जंगलात गुरं राखली. आता आम्हाला चराईला अडवतात आणि पर्यटकांच्या जीपगाड्या त्याच रस्त्यानं आत जातात. आमच्या वाड्यावर अजून धड रस्ता नाही, लाईट सारखी जाते. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही, बरोबर नाही. आजोबांना माझा नमस्कार सांग आणि पुढचं त्यांना वाचून दाखव.

दाजीपूरचं जंगल गव्यांसाठी १९५८ पासून राखलंय, पुढं ते वाढत साडेतीनशे चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं. गवा वाचला याचा मलाही अभिमान आहे. पण ते जंगल रिकामं नव्हतं, त्यात माणसं होती, आणि त्यांच्या गैरसोयीवर ते उभं राहिलं हे बोललं गेलं पाहिजे. पर्यटकाच्या तिकिटाच्या पैशावर पहिला हक्क जर कुणाचा असेल तर तो तुमच्या वाड्याचा आहे असं मी मानते.

आता कागदाचं. २००६ चा वनहक्क कायदा फक्त आदिवासींसाठी आहे असं पुष्कळांना वाटतं, कार्यालयातसुद्धा असं सांगून परत पाठवलेली माणसं मला भेटलीत. तसं नाही. "इतर पारंपरिक वननिवासी" त्यात येतात, अट अशी की १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं तुमचं त्या जंगलात राहणं आणि त्यावर जगणं दाखवायला लागतं. चराईचा हक्क सामूहिक हक्क म्हणून मागता येतो, आणि अभयारण्यातही हा कायदा लागू आहे. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडं करायचा, तिथनं उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. पुरावे किमान दोन लागतात. त्यात जुने चराईचे पास, पावत्या, जुन्या नोंदी चालतात, देवाचं ठाणं, दगडी गोठ्याचे पाये चालतात, आणि म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. म्हणजे आजोबांनी कुठल्या माळावर कधी गुरं बसवली, कुठल्या झऱ्याला काय म्हणायचे, कुणाचा जन्म कुठल्या वाड्यावर झाला, ते सगळं तू आत्ताच बसून लिहून काढ. पावसाचे दिवस आहेत, बाहेर काम कमी आहे, रोज संध्याकाळी दोन पानं. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नकोस.

वाड्यावरच्या सोयींसाठी अभयारण्यालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, तुमचा वाडा ज्या महसुली गावात मोडतो त्या गावाचं नाव तिच्या यादीत आहे का ते वनपालाला लेखी विचार. बऱ्याचदा गाव यादीत असतं आणि पैसा मूळ गावठाणातच संपतो, वाड्यापर्यंत येतच नाही.

चराई वाईटच असते हेही डोक्यातनं काढा, तुमच्याही आणि साहेबांच्याही. कासला मध्यंतरी कुंपण घातलं होतं, गुरं आत जायची थांबली, तर स्थानिक लोक म्हणायला लागले की उंच गवत माजतंय आणि फुलं कमी होताहेत, आणि पुढं ते कुंपण काढलं. गुरं किती, कुठल्या महिन्यात, कुठल्या पठारावर, हे आजोबांसारख्या माणसाला विचारून ठरवायला हवं. जंगलात वाट दाखवायला माणूस लागतोच, तर तो तुमच्या वाड्यावरचा का नसावा, हा अर्जसुद्धा त्याच वेळी द्या.

प्रश्न : आम्ही तिकीट भरतो, हॉटेलचं बिल भरतो, मग गावकऱ्यांनी आम्हाला हे करू नका ते करू नका का सांगायचं? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : दादा, तुम्ही तिकीट जागा बघायचं भरता, आणि ते बहुतेक वेळा वाडीपर्यंत पोचतही नाही. पेट्रोल कोल्हापुरात भरलं, खाणं डब्यात नेलं, पाण्याचा बॉक्स डी-मार्टातनं उचलला, तर त्या वाडीला तुमच्याकडनं मिळालं काय, तर रिकामा बॉक्स. यावेळी जाताना एवढं करा, कोल्हापुरातनं काहीही विकत न घेता जा. भाजी-भाकरी तिथं खा, येताना रस्त्याकडेला बसलेल्या म्हातारीकडनं मध, कोकम, हिरवी मिरची, काय असेल ते घ्या आणि भाव करू नका. आणि कुणी हटकलं तर गाडीची काच खाली करून आधी त्यांचं ऐकून घ्या, कदाचित आदल्याच रविवारी त्यांच्या घरातल्या कुणाच्या तरी टाचेत काच गेलेली असेल.